कर्णधार कोणता निवडावा?

आमच्या वाचकांच्या घरीं हल्लीं एखादा मुलगा किंवा सून संगणकाच्या व्यवसायांत असतेच. जेवतां जेवतां त्यांच्या तोंडून ‘कुबरनेटीस’ हा शब्द ऐकूं येतो. हें प्रकरण वडील माणसांसहि कळावें, म्हणून आजचा हा प्रपंच.

एका संगणकावर एक ॲप चालविणें सोपें आहे. परंतु शेंकडों संगणकांवर शेंकडों ॲप चालवावयाचीं, आणि एखादा संगणक बंद पडतांच त्याचें काम दुसऱ्याकडे सोंपवावयाचें, हें माणसाच्या हातून अष्टौप्रहर होणें शक्य नाहीं. त्यासाठीं देखरेख करणारें सॉफ्टवेअर लागतें.

‘कुबरनेटीस’ ही व्यवस्था गूगलनें आपल्या ‘बोर्ग’ नामक अंतर्गत व्यवस्थेच्या अनुभवावरून २०१४ सालीं जगापुढें मांडली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणूं धरणारा, म्हणजे आपला कर्णधार. इंग्रजींतील ‘गव्हर्नर’ हा शब्दहि लॅटिनमार्गें त्याच कुळांतला. हिला आज्ञा द्यावयाची नसते; ‘तीन प्रती चालू असाव्या’ अशी इष्ट स्थिति लिहून द्यावयाची. एक प्रत बंद पडली कीं ती दुसरी उभी करते. पांच हजार संगणकांपर्यंत एका समूहाचा भार ती वाहते. परंतु तिचा पसारा मोठा, आणि शिकावयास वेळ फार लागतो.

‘स्वॉर्म’ ही व्यवस्था डॉकरनें २०१६ सालीं आपल्या सॉफ्टवेअरांतच अंतर्भूत केली. ती शिकण्यास सोपी, आणि थोड्या संगणकांस पुरेशी. हॅशीकॉर्पचें २०१५ सालचें ‘नोमॅड’ एकाच फाइलींत सामावतें आणि कंटेनरांत न बांधलेलीं साधीं ॲपहि चालवितें. मात्र २०२३ सालीं त्या कंपनीनें परवान्याच्या अटी बदलून प्रतिस्पर्ध्यांवर निर्बंध घातले. फुकट मिळालेल्या वस्तूचाहि करार वाचावा, तो यासाठीं.

एक नियम मात्र तिघांसहि सारखाच लागू आहे. निर्णय घेणाऱ्या संगणकांचें बहुमत असल्याशिवाय नवा निर्णय होत नाहीं. तिघांपैकीं एक गेला तरी दोघे कारभार चालवितात. परंतु दोघेच नेमले, तर एक जातांच कारभार अडतो, कारण दोघांचें बहुमत म्हणजे दोघेच. म्हणून कर्ते तीन किंवा पांच नेमावे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें सांगावयास नको.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें संगणकांची संख्या मोजण्यापूर्वीं माणसें मोजावीं. चार संगणकांच्या लहान पेढीनें थोरामोठ्यांचें अनुकरण करून कुबरनेटीस आणली, तर मध्यरात्रीं घंटा वाजल्यावर उठणार कोण? तो बहुधा आपल्याच घरांतला मुलगा असतो, आणि ती झोप कोणत्याहि हिशेबांत धरलेली नसते. काम खरोखरीच मोठें असेल, आणि पाळीनें जागणारीं चार जाणतीं माणसें असतील, तर कुबरनेटीस अवश्य घ्यावी. तोंवर साधी व्यवस्था पत्करावी. तींत कमीपणा कांहीं नाहीं.