दीड किलोचा म्हातारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर (एखाददुसरा अपवाद सोडला तर) चालत नाहीत. त्यामुळे बऱ्याच जणांच्या कपाटातला धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत 'रिटायर' झाला. आता तो ठेवायचा की काढायचा?

उदाहरण म्हणून लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२० घेऊ. साल २०११, साडेबारा इंची स्क्रीन, सहा सेलच्या बॅटरीसकट वजन साधारण दीड किलो. आधी गुण. कीबोर्ड जुन्या सात ओळींचा. तासन् तास कोड लिहा, बोटं तक्रार करत नाहीत. बॅटरी खटका सरकवला की हातात येते. डिस्क बदलायला एक स्क्रू पुरतो. रॅमचे दोन स्लॉट आहेत. कंपनी ८ जीबी म्हणाली होती, प्रत्यक्षात १६ चालते. १६ जीबी रॅम, साधी साटा एसएसडी आणि त्यावर लिनक्स टाकलं की टर्मिनल, एडिटर, पायथन, गिट सगळं मजेत चालतं.

आता दोष, आणि इथे हळवं होऊन चालणार नाही. स्क्रीन १३६६ बाय ७६८. कोड आणि डॉक्युमेंटेशन शेजारी-शेजारी ठेवायला गेलात तर दोन्ही धड दिसत नाहीत. एचडीएमआय नाही, बहुतेक मॉडेल्सना यूएसबी ३ नाही. ग्राफिक्स चिपला एच.२६४ व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडता येतो, पण व्हीपी९ आणि एव्ही१ नाही. त्यामुळे यूट्यूब लावलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा बोंबलायला लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिनक्समुळे ऑपरेटिंग सिस्टीम ताजी राहते, पण प्रोसेसर आणि बायोस जुनेच राहतात. ऑफिसचा डेटा यावर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून जुना लॅपटॉप तोलताना मी दोषांचे दोन ढीग करतो. पैसे टाकून सुधारणारे एकीकडे, काही केल्या न सुधारणारे दुसरीकडे. बॅटरी, डिस्क, रॅम पहिल्या ढिगात. स्क्रीनचा आकार, व्हिडिओ, फर्मवेअर दुसऱ्या. तुमचं रोजचं काम दुसऱ्या ढिगावर अडत असेल तर सरळ नवा घ्या, जुन्यावर खर्च करू नका. अडत नसेल तर लिखाण, शिकणं, प्रवास, घरचा छोटा सर्व्हर यासाठी म्हातारा अजून मस्त आहे.

आणि नवा घेताना एक करा. वजन आणि जाडी विचारता तसंच "रॅम सोल्डर केलेली आहे का?" हेही विचारा. मॅकबुक एअरची २००८ पासून तशीच आहे, आणि आज बहुतेक किलोभर वजनाच्या लॅपटॉप्सचीही तीच गत. अशा यंत्रात रॅम पहिल्या ढिगातून दुसऱ्या ढिगात जाते. म्हणजे पाच वर्षांनी काय लागेल ते आजच ठरवायचं आणि त्याचे पैसेही आजच मोजायचे! घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, फक्त रॅम भरपूर घ्या.