नात्याची उमेदवारी पुरे, आता नावाची हवी

निवडणूक आली की आपल्या वस्त्यांतून गाड्या फिरू लागतात आणि भोंग्यावरून उमेदवाराची ओळख करून दिली जाते. उमेदवार पुरुष असेल तर आधी त्याचे नाव येते, मग पक्ष, मग काम. उमेदवार महिला असेल तर आधी नाते येते. कुणाची सून, कुणाची लेक, कुणाची पत्नी हे सांगून झाल्यावर, वेळ उरला तर, तिचे शिक्षण आणि काम. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटतही नाही. आम्हाला मात्र वाटते, आणि आपल्या समाजाने त्याचा विचार करावा म्हणून हा लेख.

माळव्यातल्या मराठी माणसाला बाईच्या हाती सत्ता असणे नवे नाही. मालेराव होळकरांच्या निधनानंतर, १७६७ साली, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादांना फौजेसह बोलावले. दादांचा तळ आपल्या क्षिप्रेच्या काठी पडला होता. त्या वेळी अहिल्याबाईंनी पाठवलेला निरोप परंपरेने सांगितला जातो. आम्ही बायका हरलो तर आम्हाला कोणी हसणार नाही, पण आपण बायकांकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असा त्याचा आशय. दादांनी मग आपण सांत्वनाला आल्याचे सांगितले. बाई म्हणून तिला कमी लेखले गेले आणि तिने तेच कमी लेखणे शस्त्र म्हणून वापरले. पुढे १७९५ पर्यंत तिने जो कारभार केला तो सर्वांना ठाऊक आहे. शिंदेशाहीतही दौलतरावांच्या पश्चात १८२७ ते १८३३ बायजाबाईंनी राज्य चालवले. त्यांचे गोपाळ मंदिर आजही आपल्या शहराच्या मध्यभागी उभे आहे.

पण हा वारसा आपण दोन्ही हातांनी वापरतो. व्याख्यानात अहिल्याबाईंचे नाव घेतो आणि घरातल्या मुलीने पार्षदाच्या निवडणुकीला उभे राहायचे म्हटले की तिला सांगतो, "हे आपल्या घरातल्यांचे काम नव्हे."

लोकशाही आल्यावरही दार उघडले ते नात्याच्याच किल्लीने. १९५७ साली काँग्रेसला ग्वाल्हेरच्या महाराजांची उमेदवारी हवी होती. जिवाजीरावांना राजकारणात रस नव्हता, म्हणून विजयाराजे गुण्यातून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पण दहा वर्षांतच, १९६७ मध्ये, याच बाईंनी द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार खाली खेचले. संविद आघाडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते, मुख्यमंत्री मात्र गोविंद नारायण सिंह झाले. १९८० मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींच्या विरोधात उभे राहण्याची हिंमत त्यांनी केली आणि त्या हरल्या. एवढे सगळे करूनही जनमानसात त्या राहिल्या 'राजमाता'. हा मानाचा शब्द आहे यात शंका नाही. पण मातेने आशीर्वाद द्यायचा असतो, खुर्ची मागायची नसते, हाही अर्थ त्यात गुपचूप येऊन बसतो.

इंदूरच्या सुमित्राताई महाजन यांचे उदाहरण तर आपल्या घरातलेच. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदूरला आली. १९८२ साली पार्षद, मग उपमहापौर. १९८५ मध्ये विधानसभेत पराभव. आणि १९८९ मध्ये माजी मुख्यमंत्री व माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवून त्या लोकसभेत गेल्या. त्या प्रचारात 'इंदूरची सून आता घराची किल्ली मागते आहे' हा सूर होता, असे जुने लोक आजही सांगतात. ताई सलग आठ वेळा निवडून आल्या. २०१४ साली मताधिक्य साडेचार लाखांच्या वर गेले. २०१४ ते २०१९ त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. कोणतेही मोठे राजघराणे पाठीशी नसताना एका मराठी मध्यमवर्गीय गृहिणीने हे मिळवले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे.

२०१९ मध्ये उमेदवारीचा निर्णय लांबत गेला, तेव्हा ताईंनी पत्र लिहून आपण लढणार नाही असे जाहीर केले. तो वयाचा निकष होता आणि तो पुरुष नेत्यांनाही लागला, तेव्हा त्यात स्त्रीवर अन्याय शोधण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तीस वर्षे आपली एक ताई दिल्लीत होती. त्या तीस वर्षांत तिच्या मागून चालणाऱ्या किती मराठी मुली आपण तयार केल्या? इंदूर, उज्जैन, देवास, धार या पट्ट्यात बोटावर मोजावे तर बोटेच जास्त होतील. एका बाईच्या यशावर सगळा समाज समाधानी राहिला, की वाट तिच्यापाशीच संपते.

शिंदे घराण्याच्याच कन्या वसुंधराराजे यांनी २००३ मध्ये राजस्थान जिंकले ते 'राजपुतांची लेक, जाटांची सून, गुर्जरांची विहीण' म्हणून. तीन समाजांत तीन नाती! प्रचार म्हणून हे हुशारीचे होते. पण कोणत्या पुरुष नेत्याला मते मागताना आपण कुणाचे जावई आणि कुणाचे व्याही हे सांगावे लागते? आणि दोनदा मुख्यमंत्री होऊनही २०१८ च्या प्रचारात शरद यादवांसारख्या ज्येष्ठ नेत्याने त्यांच्या राज्यकारभाराऐवजी त्यांच्या लठ्ठपणावर बोलावे, याला काय म्हणायचे?

आपल्या मध्य प्रदेशात त्याच २००३ साली उमा भारती मुख्यमंत्री झाल्या. राज्याच्या आजवरच्या त्या एकमेव महिला मुख्यमंत्री, आणि कारकीर्द जेमतेम आठ-नऊ महिन्यांची. त्या संन्यासिनी होत्या, म्हणून 'घर कोण सांभाळणार' हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. उपमुख्यमंत्री व पुढे विरोधी पक्षनेत्या झालेल्या जमुनादेवी सर्वांच्या 'बुआजी' होत्या. राजमाता, ताई, दीदी, बुआजी. नात्यात बसली तर बाई चालते. नात्यात न बसणाऱ्या बाईचे काय होते ते आपल्या जिल्ह्यानेच पाहिले आहे. महिदपूरच्या आमदार डॉ. कल्पना परुळेकर कुणाची ताई-माई म्हणून राजकारण करत नव्हत्या, त्या भांडत. जुलै २०१२ मध्ये विधानसभेतल्या गोंधळाबद्दल त्यांचे आणि चौधरी राकेश सिंह चतुर्वेदी यांचे सदस्यत्व रद्द झाले आणि थोड्याच दिवसांत परतही मिळाले. सभागृहात दोघांनी केले ते योग्य होते असे आम्ही म्हणत नाही. पण दोघांचे वागणे सारखे असताना 'बाईमाणसाला हे शोभते का' हा शेरा एकीच्याच वाट्याला आला, आणि तो आपल्याच बैठकींतून आला. २०१६ साली त्या गेल्या. त्यांचा पक्ष, त्यांची मते पटोत न पटोत, मराठी आडनावाची एक बाई माळव्याच्या ग्रामीण मतदारसंघातून स्वतःच्या जोरावर निवडून येत होती, याची नोंद आपण नीट घेतली नाही.

महाराष्ट्रात तरी वेगळे आहे का? आजवर तिथे एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. २०२४ मध्ये बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या नणंद-भावजय समोरासमोर आल्या, तेव्हा 'मूळचे पवार' आणि 'बाहेरून आलेले पवार' असा शब्दप्रयोग खुद्द शरद पवारांनी केला. निकाल सुप्रियाताईंच्या बाजूने लागला, पण त्या एका वाक्याने प्रत्येक सुनेला विचारात पाडले असेल. लेक सासरी गेली म्हणून परकी, सून बाहेरून आली म्हणून परकी. मग बाईचे गाव कोणते?

कोणी म्हणेल, पुरुषांनाही नाती लावतातच की! शिवराजसिंह 'मामा' होते, कोणी 'भाई' असते, कोणी 'दादा'. खरे आहे. पण मामा, भाऊ, दादा देणारे असतात, त्यांचे नाते सत्तेबरोबर वाढते. बाईला मात्र नाते परवाना म्हणून दाखवावे लागते. २०२३ मध्ये येथे लाडली बहना आली, २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, आणि दोन्ही राज्यांत बहिणींच्या मतांनी निकाल फिरवला असे सगळे सांगतात. पण त्याच २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या २८८ जागांवर पंचवीससुद्धा महिला निवडून आल्या नाहीत. लोकसभेच्या ५४३ मध्ये ७४. आपल्या उज्जैन मतदारसंघातून तर आजवर एकही महिला खासदार झालेली नाही. बहीण म्हणून ओवाळणी मिळते, उमेदवारी मिळत नाही.

आरक्षणाने काही बदलले हे मान्य करायला हवे. १९९४ पासून आपल्या राज्यात पंचायती-पालिकांत महिला आल्या आणि पुढे निम्म्या जागा त्यांच्या झाल्या. २०१५ मध्ये मीना जोनवाल उज्जैनच्या महापौर झाल्या. पण त्याचबरोबर 'पार्षदपती' आणि 'सरपंचपती' ही नवी पदेही जन्माला आली. ऑगस्ट २०२२ मध्ये दमोह आणि सागर जिल्ह्यांत निवडून आलेल्या महिलांऐवजी घरच्या पुरुषांनी शपथ घेतल्याचे प्रकार उघडकीस आले. २०२३ साली संसदेने लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागांचा कायदा मंजूर केला, पण तो जनगणना आणि परिसीमनाशी बांधलेला आहे. कायदा जागा देईल. त्या जागेवर बाई बसणार की तिच्या सहीचा शिक्का, हे घराघरांत ठरणार आहे.

म्हणून समाजबंधू-भगिनींपुढे आमच्या तीन साध्या सूचना आहेत. एक, मत मागायला येणाऱ्या महिला उमेदवाराला वॉर्डातल्या नळाच्या पाण्याबद्दल, नालीबद्दल, सिंहस्थाच्या कामांबद्दल प्रश्न विचारा आणि उत्तर तिच्याकडूनच घ्या. शेजारी उभ्या पतिराजांनी तोंड उघडले तर नम्रपणे थांबवा. दोन, आपल्या समाजाच्या कार्यकारिणीत महिलांना हळदीकुंकू आणि गणेशोत्सवाच्या प्रसादापुरते ठेवू नका. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष या पदांवर त्या येऊ द्या. सभा चालवणे, हिशेब मांडणे, विरोध ऐकून घेणे हे शिक्षण इथेच मिळते, आणि ताईंसारख्यांनाही सुरुवात पार्षदपदापासूनच करावी लागली होती. तीन, पुढच्या नगरनिगम निवडणुकीत आपल्यातली एखादी मुलगी उभी राहू इच्छित असेल, तर पक्ष कोणताही असो, तिला पहिला नकार घरातून मिळू नये.

क्षिप्रेच्या काठावर आलेल्या फौजेला परत पाठवणारी बाई आपल्याच परंपरेतली. तिची जयंती आपण दरवर्षी करतो. पुढच्या जयंतीला व्यासपीठावर भाषण कोण करणार आणि चहा कोण देणार, तिथूनच सुरुवात करायला काय हरकत आहे?