यशाचा हिशेब कोणत्या दप्तरी?

मे महिन्याचे हे दिवस आपल्याकडे निकालांचे असतात. परीक्षा देऊन बसलेली मुले, त्यांच्याहूनही अधिक अधीर झालेले त्यांचे आईबाप, गुणांची टक्केवारी आणि प्रवेशाची चिंता यांनी घरेच्या घरे व्यापलेली असतात. आणि याच दिवसांत आमच्या मंडळ्यांमधूनही रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला उभे राहणाऱ्यांची संख्या वाढते. कोणाच्या मुलाला परदेशी नोकरी लागलेली असते, कोणाच्या घराचा व्यवहार पुरा झालेला असतो, कोणाच्या हाती बढतीचा हुकूम पडलेला असतो. आणि ही सर्व प्राप्ती प्रभूच्या कृपेचा दाखला म्हणून मंडळीपुढे रुजू केली जाते. कृतज्ञता हे ख्रिस्ती जीवनाचे पहिले लक्षण असल्यामुळे या साक्षी बंद व्हाव्यात असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्याच बाकांवर, ज्याच्या मुलाला नोकरी लागलेली नाही, ज्याच्या घरी वर्षानुवर्षे एक माणूस अंथरुणाला खिळून आहे, ज्याने प्रार्थना कमी केली नाही आणि तरीही ज्याचे कर्ज फिटलेले नाही, असा एखादा मनुष्य मान खाली घालून बसलेला असतो, आणि कृपेच्या यादीतून आपले नाव गळाले असावे अशी शंका त्याच्या मनाला कुरतडत असते. ही शंका त्याच्या मनात आपोआप उपजलेली नाही. ती आम्ही पेरली आहे, आणि म्हणून तिचे निरसन करणे हेही आमचेच कर्तव्य आहे.

श्रद्धेच्या मोबदल्यात ऐश्वर्य मिळते, दशांश द्यावा आणि दसपटीने परत घ्यावा, अशा आशयाचे उपदेश अलीकडे व्यासपीठांवरून आणि पडद्यांवरून इतक्या आवेशाने होत आहेत की, ख्रिस्ती धर्म म्हणजे लौकिक यशाची एक खात्रीची सनद आहे, असे नवख्या ऐकणाऱ्यास वाटावे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे, आणि ते मी आरंभीच स्पष्टपणे मांडतो: ख्रिस्ती श्रद्धा मनुष्याला यश मिळवून देते हे खरे, पण ती यश मोजण्याचे दप्तरच बदलते, आणि त्या नव्या दप्तरात मनुष्याने किती मिळवले याची नोंद होत नाही, त्याच्या हवाली जे केले गेले होते ते त्याने कसे वापरले, एवढ्याचीच नोंद होते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टान्त आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी शाब्बाथशाळेत ऐकलेला आहे. परदेशी निघालेला धनी आपली मालमत्ता तीन दासांच्या स्वाधीन करतो. एकाला पाच थैल्या, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून मूळ रकमेची दुप्पट करतात, तिसरा भयाने आपली थैली जमिनीत पुरून ठेवतो, आणि धनी परतल्यावर तिघांचाही हिशेब होतो. या कथेतून उद्यमशीलतेचा बोध काढण्याची आपल्याला सवय आहे, आणि तो बोध खोटाही नाही. पण तिच्यात एक अशी गोष्ट आहे की जिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पाचांचे दहा करणाऱ्याला धनी ज्या शब्दांत शाबासकी देतो, नेमक्या त्याच शब्दांत तो दोनांचे चार करणाऱ्यालाही देतो. दहा थैल्या आणि चार थैल्या यांमधले अंतर जगाच्या कोणत्याही पेढीत दृष्टिआड झाले नसते, पण या धन्याला ते जणू दिसतच नाही. त्याने दिले तेव्हाच ते ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे दिले होते, आणि मागताना तो राशीची उंची मागत नाही, इमान मागतो. तिसऱ्या दासाचा अपराधही त्याची थैली एकच होती हा नव्हता. धनी कठोर आहे असे मनाशी धरून त्याने ती वापरलीच नाही, हा त्याचा अपराध होता. अर्थात दोन थैल्यांच्या मनुष्याने पाच थैल्यांच्या मनुष्याकडे पाहून झुरत बसावे, हे या दृष्टान्ताला मान्य नाही. आणि पाच थैल्यांच्या मनुष्याने त्या आपल्या पुण्याईने मिळाल्या असे मानावे, हे तर मुळीच मान्य नाही.

ज्याने हा दृष्टान्त सांगितला, त्याचे स्वतःचे चरित्र लौकिक फूटपट्टीने मोजून पाहावे. तेहतिशीच्या आसपास त्याचा देहान्त झाला, आणि तो गुन्हेगाराच्या खांबावर झाला. त्याच्या मंडळाचा खजिनदारच फितूर झाला, अत्यंत निकटच्या शिष्याने त्याची ओळख नाकारली, बाकीचे पळून गेले. अंगावरच्या वस्त्रांखेरीज त्याच्यापाशी मालमत्ता नव्हती, आणि तीही पहाऱ्यावरच्या शिपायांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली. पुरण्याकरिता जागासुद्धा दुसऱ्याची लागली. त्या शुक्रवारी संध्याकाळी जेरुसलेमातील कोणाही व्यवहारी मनुष्याने या कारकिर्दीवर अपयशाचाच शेरा मारला असता. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणे म्हणजे तो शेरा परमेश्वराने रद्द केला असे मानणे. आणि ज्याने हे मानले त्याला यापुढे नोकरी, घर आणि पैसा यांच्या फूटपट्टीने स्वतःला किंवा शेजाऱ्याला मोजण्याचा अधिकार उरत नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला तर हे सांगावे लागू नये, कारण आमच्या इतिहासाचा आरंभच प्राप्तीने न होता हानीने झालेला आहे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींना आप्तस्वकीयांचा दुरावा सोसावा लागला. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या, देशभर त्यांचा गौरव झाला. पण इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर तोच गौरव संशयात बदलला, आणि १८८९ साली मुंबईत स्थापन होऊन पुढे पुण्यास आलेल्या त्यांच्या शारदासदन या विधवांसाठीच्या शाळेला १८९३ साली प्रतिष्ठित सल्लागारांच्या राजीनाम्यांना तोंड द्यावे लागले. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य केडगावच्या माळावर, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींच्या आणि निराधार विधवांच्या सहवासात गेले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवण्याचे कार्य त्यांनी वर्षानुवर्षे केले, आणि ज्या मुलीच्या हाती सर्व कारभार सोपवायचा होता ती मनोरमा १९२१ साली वारल्यानंतरही ते सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलात त्यांनी देह ठेवला, तोवर ते सिद्धीस गेले होते. श्रद्धेमुळे रमाबाईंना ऐश्वर्य मिळाले असे कोण म्हणेल? आणि त्यांचे जीवन अयशस्वी झाले असे तरी कोण म्हणेल?

याच सप्ताहात, ९ मे रोजी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्मृतिदिन येतो, आणि मला जे म्हणायचे आहे ते त्यांच्या चरित्राइतके स्पष्ट दुसऱ्या कोठे दिसत नाही. नागपूरहून राजनांदगावी जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन पालटले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांनी रोख मोजली. जात गेली, आप्त गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई मुलासह कित्येक वर्षे दुरावल्या. पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात त्यांची विद्वत्ता मानली गेली, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले, फुलामुलांचे कवी म्हणून अवघ्या महाराष्ट्राने त्यांना आपले म्हटले, बालकवींसारखा प्रतिभावान तरुण त्यांच्या घरी येऊन राहिला. जगाच्या दृष्टीने आता कोठे त्यांचे बस्तान बसले होते. आणि अशा वेळी, १९१७ साली, पंचावन्न वर्षांच्या या गृहस्थाने मिशनची पगारी नोकरी सोडली, आपण ख्रिस्ताचे संन्यासी झाल्याचे जाहीर केले, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणाऱ्या बंधुसमाजाचा संकल्प सोडला.

या दरबाराला अवघी दोन वर्षेही मिळाली नाहीत. १९१९ च्या मे महिन्यात टिळक मुंबईस वारले, आणि त्यांच्या मागे तो समाज टिकला नाही. आयुष्यभराचे स्वप्न असलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही आरंभीचे काही अध्याय होऊन अपुरेच राहिले. उतारवयात सोडलेली नोकरी, मोडलेली संस्था आणि अर्धवट राहिलेला ग्रंथ, एवढीच बाकी मांडून कोणी हिशेब मिटवला, तर टिळकांच्या अखेरच्या पर्वाला फसलेला डाव म्हणावे लागेल. पण महाराष्ट्रात ज्या ज्या ठिकाणी मराठीतून ख्रिस्ती उपासना होते त्या त्या ठिकाणी त्यांची भजने आणि अभंग आजही गायिले जातात. आपल्या गुरूची भक्ती मराठी मनुष्याने आपल्या मातीच्या सुरात करावी, परक्याच्या उसन्या सुरात करू नये, हा त्यांचा आग्रह आमच्या उपासनेचा स्वभाव होऊन बसला आहे. हे फळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले असेल-नसेल. पण त्याच्यावर त्यांनी आपला हक्क कधीही सांगितला नव्हता.

आणि अर्धवट राहिलेल्या त्या ग्रंथाचे काय झाले? ज्या लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, ज्यांचे लिहिणे-वाचणे लग्नानंतर घरीच आणि बेताचे झाले होते, सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात वाढल्यामुळे ज्यांना नवऱ्याच्या धर्मांतराने एके काळी वेड लागायची पाळी आली होती, आणि १९०० साली ज्यांनी स्वतःच्या विवेकाने बाप्तिस्मा घेतला, त्यांनी पतीच्या पश्चात ‘ख्रिस्तायना’चे उरलेले सर्व, म्हणजे बहुतांश, अध्याय लिहून तो ग्रंथ तडीस नेला. ज्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ला आज मराठी आत्मचरित्रांत अग्रपूजेचा मान आहे, त्या बाईंनी आपल्याला थैल्या किती मिळाल्या हे मोजत बसण्यात एक दिवसही दवडला नाही. कवित्वाची विपुल देणगी नवऱ्याला लाभली होती. तिच्या मानाने आपल्या वाट्याला थोडेच आले असे त्या मानीत, आणि ते थोडे त्यांनी पुरून ठेवले नाही. दृष्टान्तातील धन्याने दोघांनाही एकच शाबासकी का दिली, हे समजून घ्यावयाचे असेल तर या दांपत्याकडे पाहावे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर असल्यामुळे त्याला बगल देणे योग्य होणार नाही. नगर जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील आमचा पुष्कळसा समाज गावकुसाबाहेरून आलेला आहे. ज्यांच्या आजोबांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवाने शिक्षक व्हावे, नातीने परिचारिका व्हावे, पक्के घर बांधावे, हे त्यांच्या दृष्टीने ऐहिक यश नसून न्याय आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या सुखात असलेल्यांनी त्यांना वैराग्य शिकवणे हे केवळ असमंजसपणाचे नव्हे, तर निष्ठुरपणाचे होईल. हा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे. शुभवर्तमानाने दारिद्र्याची थोरवी गायिलेली नाही, दरिद्र्यांची गायिली आहे. शिक्षण घ्यावे, पद मिळवावे, मुलाबाळांना पोटभर अन्न आणि ताठ मान द्यावी, यात प्रभूच्या इच्छेविरुद्ध काहीही नाही. थैली वापरलीच पाहिजे, हेच तर तो दृष्टान्त सांगतो. मात्र ज्या शाळांमुळे आणि रुग्णालयांमुळे हे उत्थान घडले, त्या आपल्या मिळकतीला अमानत समजणाऱ्या स्त्रीपुरुषांनी चालवल्या होत्या, हे विसरता कामा नये. त्यांच्यामुळे वर आलेल्याने ‘मी पोहोचलो’ एवढेच म्हणून मागचा दरवाजा लावून घेतला, तर न्यायाचे ते कार्य त्याच्यापाशीच खुंटते. मिळालेले यश पुढच्यासाठी दार उघडते की नाही, हीच त्याच्या खरेपणाची कसोटी आहे.

म्हणून आमच्या मंडळ्यांना आणि पाळकांना माझी विनंती आहे. नोकरीची आणि घराची साक्ष जरूर ऐकावी, पण तिच्याबरोबर, लाच नाकारल्यामुळे ज्याची बढती हुकली त्यालाही उभे करावे. आजारी सासूची शुश्रूषा करण्यात जिची उमेदीची वर्षे गेली तिलाही बोलते करावे. प्रार्थना करूनही ज्याचे मूल वाचले नाही आणि तरीही जो दर रविवारी येऊन बसतो, त्याचाही शब्द मंडळीने ऐकावा, कारण त्याच्या श्रद्धेची परीक्षा आमच्यापैकी पुष्कळांहून कठीण झालेली आहे. निकाल घेऊन आलेल्या मुलाला टक्के किती हे विचारून झाल्यावर, आता या विद्येचा उपयोग कोणाला होणार, हाही प्रश्न घरात विचारला जावा. आणि जो अनुत्तीर्ण झाला त्याला, परमेश्वराच्या दप्तरात तुझे खाते अजून उघडेच आहे, हे त्याच्या आईबापांनी शब्दांत सांगावे. तो समजून घेईल असे गृहीत धरून गप्प राहू नये.

मनुष्याचे यश त्याच्या हाती काय आले यावर ठरत असते, तर ते मरणाबरोबर संपले असते, कारण हाती आलेले सर्व येथेच ठेवून जायचे आहे. ते त्याच्या हातून काय गेले यावर ठरते. आणि ज्याच्यापाशी एकच थैली आहे, त्याच्यासही आजपासून, ज्या स्थितीत तो आहे त्याच स्थितीत, त्या यशाचा आरंभ करता येतो.