छायाचित्र घ्या, छत्री राहू द्या



पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर किंवा भिंतीकडेच्या ओल्या मातीत रातोरात उगवलेल्या छोट्या छत्र्या तुम्ही पाहिल्या असतील. उर्दूत आपण त्यांना खुंबी म्हणतो. मराठीत त्यांना भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री म्हणतात. खाण्याजोगी असेल तर ती अळंबी. अशी छत्री दिसली की कोणी ती पायाने उडवतो, कोणी तोडून हातात घेतो. माझे मत असे, की तिला हात न लावता तिचे छायाचित्र काढावे.

हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. एकदा ऑगस्ट महिन्यात मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेलो होतो. वाटेत अनेक भूछत्रे दिसली. चित्र स्पष्ट यावे म्हणून मी एकेक तोडून तळहातावर ठेवले आणि मोबाइलने फोटो काढले. राष्ट्रीय उद्यानातून काहीही तोडून नेण्यास कायद्याने मनाई आहे, हेही मी विसरलो. दुसऱ्या दिवशी वर्गात फोटो दाखवले. एका मुलीने विचारले, "सर, हे मातीत उगवले होते की लाकडावर? एकटे होते की घोळक्यात?" मला आठवेना. फोटोत फक्त माझा तळहात होता!

तिचा प्रश्न अगदी योग्य होता. भूछत्र ही वनस्पती नव्हे. त्यात हरितद्रव्य नसते, म्हणून ते स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांचे पाच गट पाडले, तेव्हा बुरशींना स्वतंत्र स्थान दिले. बुरशीचे खरे शरीर म्हणजे माती किंवा लाकडात पसरलेले बारीक धाग्यांचे जाळे. अनेक बुरशी पालापाचोळा व लाकूड कुजवून जमीन सुपीक करतात. काही अळंब्या तर वाळवीच्या वारुळावरच उगवतात. म्हणजे जागा हीच भूछत्राची अर्धी ओळख आहे. तोडले की ती ओळख हरवते.

तुम्ही म्हणाल, "एक छत्री तोडली तर काय बिघडले? जाळे तर जमिनीत राहतेच ना!" हे खरे आहे. पण छत्री हे त्या बुरशीचे फळ आहे. तिच्यातून असंख्य सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर पसरतात. अनेक कीटक तिच्यावर जगतात. शिवाय तुमच्या मागून येणाऱ्यालाही ती पाहण्याचा हक्क आहे.

मग फोटो कसा काढावा? आधी थोडे लांबून काढा, म्हणजे आजूबाजूची जागा दिसेल. नंतर मोबाइल जमिनीलगत धरून बाजूने काढा. छत्रीखालच्या पातळ पापुद्र्यांसाठी छोटा आरसा खाली सरकवा. शेजारी एक नाणे ठेवले, तर आकार कळतो. वहीत तारीख आणि ठिकाण लिहा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. फोटो पाहून किंवा मोबाइलने सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवून रानातले भूछत्र खाऊ नका. विषारी आणि खाण्याजोगी भूछत्रे कित्येकदा सारखीच दिसतात. काहींचे विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो आणि तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेले असते. कोकणातली किंवा आदिवासी पाड्यांवरची जाणती माणसे अळंबी ओळखतात, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने. ते ज्ञान एका फोटोतून मिळत नाही.

मित्रांनो, आज बहुतेक घरांत मोबाइल आहे. त्याने आपण स्वतःचे फोटो पुष्कळ काढतो. या पावसाळ्यात जरा खाली वाकून पाहा. चिखलात गुडघे टेकून काढलेला एक फोटो तुम्हांला जे शिकवील, ते तोडून आणलेली टोपलीभर भूछत्रेही शिकवणार नाहीत.