दसरा काढायचाय? मग सावडीनं काढू या!

गणपती गेले, महालक्ष्म्यांची बोळवण झाली आणि पितृपंधरवडा लागला, की आमच्याकडे बायकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "काय मग, दसरा काढला का?" शहरातून आलेल्या नव्या सुनांना याचं हसू येतं. दसरा काय पेटीतून काढायचा असतो? पण आम्हा मराठवाड्यातल्या बायकांना अर्थ विचारावा लागत नाही. घट बसायच्या आत सगळं घर उपसायचं, झाडायचं, धुवायचं आणि पुन्हा लावायचं, म्हणजे दसरा काढायचा. तुळजापूरला या दिवसांत आई भवानी मंचकी निद्रेत असते. भाद्रपद वद्य अष्टमीला मूर्ती पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर बसवतात. देवी जागी होण्याच्या आत आपलंही घर लख्ख असावं, अशी आमच्या सासूबाईंची शिस्त.

ही रीत आपलीच आहे असंही नाही. इराणात नवरोजच्या आधी असंच घर उपसतात. त्याला ते 'खाने तकानी' म्हणतात, म्हणजे घर झटकणं. जपानात वर्षाच्या शेवटी 'ओसोजी' असते, म्हणजे मोठी सफाई. सणाच्या आधी घर झटकलं की मनही हलकं होतं, हे जगभरच्या बायकांना कुणी न शिकवता कळलेलं दिसतं.

पूर्वी आपल्याकडे हे काम एकटीचं नव्हतं. वाकळा-गोधड्या धुवायला सगळी आळी मिळून ओढ्यावर किंवा नदीवर जायची. एक टोक मी पिळते, दुसरं तू पिळ, असं चालायचं. आता घरोघर नळ आले, मशीन आलं. सोय झाली यात शंका नाही, पण प्रत्येक जण आपापल्या दाराआड एकटी पडली. एकटीनं दसरा काढला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. कंबर मोडते, आणि माळ्यावरचा डबा पलंगाखाली, पलंगाखालची पेटी माळ्यावर, एवढाच काय तो बदल होतो. वस्तू तेवढ्याच राहतात!

आमच्या बिडकीनमध्ये तर हा पसारा गेल्या काही वर्षांत फारच वाढला. संभाजीनगर आणि पैठण यांच्या मधोमध असलेलं हे आमचं गाव. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरीसाठी जमिनी गेल्या, मावेजा आला आणि मातीच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली. नव्या घरात सोफा आला, मोठा टीव्ही आला. पण कणगी, जातं, घागरी, लाकडी पलंगाचे सुटे पाय हेही सोबत आलं. घर नवं आणि सामान दोन पिढ्यांचं! शेत गेलेल्या घरातून नांगराचा फाळ टाकवत नाही, हे मी समजू शकते. पण त्याच घरात लेकराला दप्तर ठेवायला जागा नसते, हेही तितकंच खरं.

म्हणून गेली तीन वर्षं आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी दसरा सावडीनं काढायचा पायंडा पाडला आहे. सावड म्हणजे काय, ते शेतकरणींना ठाऊकच आहे. आज तुझ्या खुरपणीला मी, उद्या माझ्या वेचणीला तू. पैसा नाही, हिशेब मात्र चोख. तोच नियम आम्ही घराला लावला. पाच जणी, पाच दिवस आणि रोज एक घर. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून आमची वेळ बारा ते तीन. कापूस वेचणीला जाणारी एक ताई आहे, तिच्यासाठी रविवार राखून ठेवलेला. बाळंतीण किंवा म्हातारं माणूस असलेलं घर पहिलं घ्यायचं, म्हणजे अंगात जोर असतानाच जड काम उरकतं.

पद्धत सोपी आहे. अंगणात किंवा गच्चीवर चार जुन्या चादरी अंथरायच्या. पहिली ठेवायच्या वस्तूंची, दुसरी द्यायच्या, तिसरी दुरुस्तीच्या आणि चौथी टाकायच्या. एका वेळी एकच जागा उपसायची. एक कपाट, एक माळा किंवा एक पेटी. सगळं घर एकदम उपसलं की संध्याकाळी स्वयंपाकाला परात सापडत नाही. दुरुस्तीच्या चादरीवरच्या वस्तूला दिवाळीपर्यंतची मुदत. तोवर मिक्सर दुरुस्त झाला नाही, तर तो आपोआप चौथ्या चादरीवर गेला असं समजायचं.

तुम्ही म्हणाल, यात शेजारणींचं काय काम? हे तर आपलं आपल्यालाही करता येईल. येईल की! पण होत नाही. कारण आपल्या वस्तूकडे आपण पाहतो, तेव्हा आपल्याला वस्तू दिसतच नाही. ती कुणी दिली, केव्हा दिली, किती पैसे मोडून घेतली, तेच आठवतं. शेजारणीला मात्र झाकण हरवलेला डबा हा झाकण हरवलेला डबाच दिसतो. तिनं फक्त एवढंच विचारायचं, "हे शेवटचं कधी वापरलं?" आणि गप्प बसायचं. 'टाकून दे' असं तिनं म्हणायचं नाही. निर्णय ज्या घरची वस्तू त्या घरचीचाच. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची वस्तू असेल, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. सासूबाईंचा अडकित्ता मोडका असला तरी तो सासूबाईंचा आहे, बरं का!

आता काही उपयोगाच्या गोष्टी, चादरींच्या क्रमानं.

ठेवायचं. सुती लुगडी आणि साड्या गोधडीसाठी ठेवा. नायलॉनच्या साड्यांची गोधडी घसरते आणि घामही शोषत नाही, तेव्हा त्या काढून टाका. पैठणी असेल तर ती लोखंडी हँगरला अडकवू नका. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, कारण एकाच घडीवर राहिली की तिथं जर तुटते. तिच्यावर अत्तर नको आणि डांबरगोळी तिला चिकटून नको. डांबरगोळ्यांबद्दल आणखी एक. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळीत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे पाहून कळत नाही. म्हणून लहान बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नका, वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा.

कागदांचा गठ्ठा दिसला की भंगारवाल्याला हाक मारू नका! सातबारा आता संगणकावरून मिळतो. पण जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, मावेज्याचे कागद, पेन्शनची कागदपत्रं, मुलांचे जन्मदाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी जमिनीपासून उंच असू द्या, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतील. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांचे कागद उर्दूत किंवा मोडीत असतात. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा जुन्या कागदांची किंमत सगळ्यांना कळली. आणि मैत्रिणींनो, ही पेटी कुठं आहे आणि तिच्यात काय आहे, हे घरच्या बाईला ठाऊक हवंच. घरावर किंवा शेतावर तुमचंही नाव आहे का, हे त्या निमित्तानं एकदा डोळ्यांखालून घाला.

द्यायचं. दारावर बोहारीण आली तर तिला कपडे धुऊन, नीट घडी करून द्या. जुन्या कपड्यांवर भांडं घेताना घासाघीस आपण करतोच, पण ते कपडे पुन्हा शिवून विकण्यावर तिचं पोट असतं. कुणा गरजूला कपडा द्यायचा तर बटण लावून, उसवलेलं शिवून द्या. जे आपण स्वतः अंगावर घालणार नाही, ते दुसऱ्याला देणं हे दान नव्हे.

टाकायचं. इथं सगळ्यात जास्त जपायला हवं. कापसावर फवारायच्या औषधाचे उरलेले डबे घराघरांत असतात, आणि पुष्कळदा ते धान्याच्याच खोलीत असतात. डब्यावरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. हे डबे आधी घराबाहेर, कुलपात. रिकामा डबा शेतावरच तीन वेळा खंगाळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे कुणी त्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. मुदत संपलेल्या गोळ्या पाकिटातून काढून मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि मग कचऱ्यात टाका. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू छातीत भरतो, जीवही जाऊ शकतो.

गच्चीवर जायला विसरू नका. जुनी टायरं, फुटक्या बादल्या, करवंट्या आणि उन्हाळ्यात वापरलेल्या कूलरची टाकी यांत पावसाचं पाणी साचलेलं असतं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात. म्हणून पिंपं आणि रांजण आतून घासायचे, आठवड्यातून एक दिवस सगळे कोरडे करायचे. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, साठवावं लागतं, हे खरं. पण पिंपावर घट्ट कापड बांधायला तर पाणी लागत नाही ना?

आता एक नाजूक गोष्ट. पहिल्या वर्षी सावडीला निम्म्या जणी तयार नव्हत्या, आणि त्याचं कारण आळस नव्हतं. ओसरीपर्यंत आपण कुणालाही बसवतो, पण आतली खोली दाखवायची लाज वाटते. कुणाच्या पेटीत सावकाराच्या चिठ्ठ्या असतात, कुणाच्या पलंगाखाली रिकाम्या बाटल्या, कुणाच्या डब्यात तळाला गेलेली डाळ. घर म्हणजे झाकली मूठ. ती दुसरीपुढं उघडायची म्हणजे विश्वास हवा. म्हणून आमच्या सावडीचा पहिला नियम हा, की या घरात पाहिलेलं त्या घरात न्यायचं नाही. समोरच्या भाभी, मागच्या काकू, नवी सून, सगळ्यांना हा नियम सारखाच. तो पाळला गेला म्हणून सावड टिकली.

दुसऱ्या वर्षी एका काकूंच्या घरी पेटी उघडली, तर वर काकांचे धुतलेले, इस्त्री केलेले शर्ट. काका जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. कुणी काही बोललं नाही. भाभींनी फक्त पेटीवरची धूळ पुसली आणि झाकण लावलं. ती पेटी कोणत्याच चादरीवर गेली नाही. परवा काकू आपणहून म्हणाल्या, "या खेपेला त्यातले दोन शर्ट माझ्या भाच्याला द्यायचेत. बाकीचे राहू देत." कोणत्या वस्तूला किती वेळ द्यायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

घर मोकळं झालं की रंगाला फार खर्च लागत नाही. चुन्यात थोडी नीळ टाकून एक हात दिला, तरी भिंत उजळते. मात्र कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, तेव्हा लेकरं दूर ठेवा आणि डोळे जपा. जुन्या सुती साडीचे पडदे शिवा, गाद्यांना दोन कडक उन्हं दाखवा. एवढ्यानंही घर पालटतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. मोकळी झालेली जागा मोकळी राहत नाही, महिन्याभरात तिथं नवा पसारा येऊन बसतो. म्हणून जागा रिकामी होताक्षणी ती कुणाची, ते ठरवून टाका. आमच्या गल्लीत एका घरी धान्याच्या खोलीतून मोडकी खाट आणि उरलेल्या फरश्यांची खोकी निघाली आणि चार बाय पाच फुटांचा कोपरा सापडला. त्या घरची मुलगी दहावीला होती, जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. त्याच दुपारी तिथं एक पाट, एक दिवा आणि तिची पुस्तकं मांडली. आजही तिचे वडील तिथं खताची गोणी ठेवू लागले, तर ती सरळ सांगते, "बाबा, ही माझी जागा आहे."

असा एक कोपरा तुमच्याही घरात कुठल्यातरी खोक्यामागे दडलेला असेल. मुलीसाठी असेल, सासूबाईंच्या पोथीसाठी असेल, किंवा तुमच्या स्वतःच्या शिवणयंत्रासाठी असेल. घट बसायला अजून अवकाश आहे. आज संध्याकाळीच दोन शेजारणींना चहाला बोलवा आणि पहिलं घर कुणाचं ते ठरवा. चहाबरोबर चिवडाच पुरे. पंचपक्वान्नं करत बसलात, तर दसरा राहील बाजूला आणि आणखी भांडी तेवढी घासावी लागतील!