समुद्राचा कायदा आणि कोयत्यांची गणती

‘भवसागर’ हा शब्द बीड जिल्ह्यातल्या वर्गात शिकवायचा म्हणजे थोडी गंमतच आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधी जिथे आहेत ते अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगरात, समुद्रापासून कितीतरी दूर. तरीही तारू, नावाडी, पैलतीर ही सगळी सामग्री आमच्या संतवाङ्मयाने निःशंकपणे वापरली आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही त्यांनाही ती कळली. बुडणाऱ्याला हात द्यायचा असतो, एवढे कळायला समुद्र पाहावा लागत नाही.

खलाशांमध्ये ही रूढी फार जुनी. तिला लेखी कायद्याचे रूप मात्र विसाव्या शतकात आले. 1910 चा ब्रुसेल्स करार, टायटॅनिक बुडाल्यानंतरचा 1914 चा सागरी सुरक्षिततेचा करार, 1979 चा हॅम्बुर्ग येथील शोध व बचाव करार आणि 1982 च्या समुद्रविषयक करारातील 98 वे कलम, अशी ती वाट आहे. यांतील हॅम्बुर्गचा करार आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. संकटातील माणसाचे राष्ट्रीयत्व, त्याचा दर्जा किंवा तो कोणत्या परिस्थितीत सापडला, यांपैकी काहीही न पाहता त्याला मदत करावी, असे तो सांगतो. जे जहाज मदत करू शकेल इतके जवळ आहे, त्याच्या कप्तानाला ‘हा माझा उतारू नव्हे’ असे म्हणण्याची सोय नाही. कर्तव्य नात्यातून येत नाही, सान्निध्यातून येते.

कायद्याची दुखरी जागा पुढे आहे. वर घेतलेल्या माणसाला उतरवायचे कुठे? ऑगस्ट 2001 मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने हिंदी महासागरात चारशेहून अधिक माणसे वाचवली. त्यांत बहुतेक अफगाण होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या भूमीवर उतरू दिले नाही, जहाजावर सैनिक चढवले आणि पुढे त्यांतील बहुतेकांना नाऊरू बेटाकडे धाडले. 2004 मध्ये करारांत दुरुस्ती झाली, वाचवलेल्यांना ‘सुरक्षित जागी’ पोचवावे असे ठरले. पण ते बंदर कोणी उघडायचे, हे कुठेच लिहिले नाही.

एप्रिल 2020 मध्ये इटलीने साथीचे कारण देऊन जाहीर केले, की आमच्या बचावक्षेत्राबाहेर परदेशी जहाजांनी वाचवलेल्यांसाठी आमची बंदरे ‘सुरक्षित जागा’ नाहीत. पाठोपाठ माल्टानेही बंदरे बंद केली. त्याच आठवड्यांत आमचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या आवारात, पाचटाच्या कोप्यांत अडकून पडले होते. हंगाम संपत आला होता, घरची म्हातारी माणसे गावी होती आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद. जिथे सहा महिने राबले तिथे ते परके आणि आपल्या गावी संशयित. 17 एप्रिलला राज्य शासनाने एक लाखाहून अधिक कामगारांना परतण्याची परवानगी दिली, तेव्हा कुठे हे तारू किनाऱ्याला लागले.

ही तुलना ओढून ताणून केली आहे, असे कोणी म्हणेल. भूमध्य समुद्रातल्या नावेत बसलेल्याला कोणतेच राष्ट्र आपले म्हणत नाही. आमचा कामगार तर नागरिक आहे, त्याला देशभर फिरण्याचा घटनादत्त अधिकार आहे. हे आम्हांला मान्य आहे. पण मग नागरिकालाही स्वतःच्या जिल्ह्याच्या वेशीवर थांबावे लागले, याचे उत्तर अधिकच अवघड होते.

हॅम्बुर्गचा करार झाला त्याच 1979 साली आपल्या संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. तो 2020 च्या एका संहितेत सामावून घेतला गेला. त्या कायद्याचा पहिलाच प्रश्न होता: राज्याची सीमा ओलांडली का? म्हणजे धारूरहून बेळगावकडे गेलेली टोळी कायद्याच्या कक्षेत आणि कोल्हापूरला गेलेली बाहेर. उचल तीच, ऊस तोच, पहाटेची थंडीही तीच. शिवाय उचल मुकादमाच्या हातून येत असल्यामुळे कारखाना सहज म्हणू शकतो, की ही माणसे आमची नव्हेत. जमिनीवरचा कायदा आधी नाते शोधतो, आणि मध्ये मुकादम उभा केला की नाते नाकारता येते. समुद्राच्या कायद्याने ही पळवाट निदान कागदावर तरी बुजवली आहे.

आता थोडे आमच्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे येतो. जहाज संकटाचा संदेश देते तेव्हा त्यावर किती ‘सोल्स’, म्हणजे किती जीव आहेत, हे सांगण्याची इंग्रजीत रीत आहे. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा असेल तर अर्धा. काव्यशास्त्राच्या तासाला आम्ही लक्षणा शिकवतो, आणि इथे एक लक्षणा थेट हिशेबाच्या वहीत जाऊन बसली आहे. हत्यार मोजले की माणसे मोजावी लागत नाहीत. बाई आजारी पडली तर कोयत्याचा खाडा पडतो आणि तो खाडा अंगावर येतो. पोरे तर कोयत्यात धरलेलीच नसतात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. याची कारणे अनेक सांगितली गेली. खाड्याची भीती त्यांत होतीच.

ऊस ज्याच्या वजनकाट्यावर चढतो, तो कारखाना या माणसांच्या सर्वांत जवळचे जहाज आहे, असे कायद्याने धरावे. मुकादमाशी त्याचा करार काय आहे, ही चौकशी नंतर व्हावी. आणि उचलीच्या कागदावर ‘एक कोयता’ लिहिण्याऐवजी दोघांची नावे लिहावीत, बाईचे वेगळे, आणि बरोबर जाणाऱ्या पोरांचीही.