संगणकाचा वेग आणि वैशाखाचे ऊन

औराद तालुक्यातील चिंताकीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास असून घरात संगणक एकच. मुलाचा अभ्यास व खेळ, शेतीचे हिशेब, पहाणीच्या नकला आणि थोरल्या कन्येच्या लग्नाची छायाचित्रे हे सारे त्यातच साठविलेले. आता चिरंजीव म्हणतात की, यंत्राचे ‘ओव्हरक्लॉकिंग’ करून त्याचा वेग फुकटात वाढवितो. ‘असे खरोखर करता येते काय, आणि यंत्र जळणार तर नाही ना?’ असा भगिनींचा रोकडा प्रश्न आहे. सीमाभागातील इतर घरांतही तो विचारला जात असेलच. म्हणून ह्या महिन्याचे सदर त्याच्यासाठी राखले आहे.

करता येते. यंत्र धडधडून पेटण्याची भीतीही आता फारशी उरलेली नाही, कारण बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचताच आपला वेग आपणच उतरवितात आणि त्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. धोका आहे तो निराळाच, आणि तो डोळ्यांना चटकन दिसत नाही.

प्रोसेसरचे सारे काम एका ठेक्यावर चालते. मृदंगाच्या ठेक्यावर भजनातले टाळकरी जसे एकाच वेळी टाळ वाजवितात, तशा प्रोसेसरमधल्या अब्जावधी सूक्ष्म कळा एका ठोक्यासरशी उघडतात व मिटतात. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदास ४०० कोटी ठोके. मूळ ठोका बहुधा १०० मेगाहर्ट्‌झचा असतो व त्यास ४० ह्या गुणकाने गुणून हा वेग साधलेला असतो. गुणक ४० चा ४१ केला की ओव्हरक्लॉकिंग झाले! परंतु लय वाढली की काही टाळकरी मागे पडू लागतात. त्यांनी साथ सोडू नये म्हणून प्रोसेसरला अधिक व्होल्टेज द्यावे लागते, आणि सारी गोम येथेच आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के व व्होल्टेज दहा टक्के वाढविले, तर उष्णता वीस नव्हे, सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. पदरात पडणारा लाभ मात्र दहा टक्क्यांचाच, आणि प्रत्यक्षात तितकाही नाही.

पूर्वी हा व्यवहार फायद्याचा होता हे खरे. १९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्‌झवरून १०० वर नेला की ३०० चा प्रोसेसर पुष्कळदा बिनतक्रार ४५० वर धावे. निम्म्या पटीने अधिक वेग, तोही एक पैसा न वेचता! हौशी मंडळींत त्या प्रोसेसरचे नाव अजून निघते. आज तशी दौलत शिल्लक नाही. हल्लीचे प्रोसेसर थंडावा मिळाला की आपला वेग आपणच वाढवून घेतात. हाताने वाढविण्यासारखे उरते ते थोडक्या टक्क्यांचे. म्हणून नवशिक्याने प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर आधी हात बसवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. खेळात फरक दिसतो तो बहुधा तेथेच.

व्होल्टेजची धास्ती का बाळगावी, ह्याचा दाखला २०२४ साली मिळाला. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अवेळी बिघडू लागले. शोध घेता त्यांच्या अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे ते गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागून घेत असल्याचे आढळले. कंपनीने आज्ञावली सुधारली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. झिजलेले प्रोसेसर मात्र सुधारणेने बरे होत नाहीत. निर्मात्याच्या घरी जे घडले ते आपल्या घरी हाताने घडवून आणले, तर हमीचे संरक्षणही सहसा मिळत नाही.

आता आपल्या मुलुखाची गोष्ट. ह्या विषयावरचे मार्गदर्शन बहुतेक थंड देशांतल्या मंडळींनी केलेले असते. त्यांची खोली वीस-बावीस अंशांची. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा ४२ अंशांच्या वर चढतो. बिदरचे पठार त्याहून थोडे सुसह्य असले, तरी पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस अंश सहज होतात. पंखा आणि धातूच्या पात्यांचा शीतक प्रोसेसरला खोलीहून थंड करू शकत नाही. तो केवळ दोहोंतील अंतर आवरून धरतो. पूर्ण कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर पंचवीस अंशांच्या खोलीत तो सत्तरावर राहील, चाळीस अंशांच्या खोलीत पंच्याऐंशीवर जाईल. मार्गशीर्षातल्या गार पहाटे बसविलेला वेग वैशाखात दगा देतो, तो ह्यामुळे. जाड भिंतींचे जुने माळवदाचे घर ज्यांनी अजून राखले आहे, त्यांचा संगणकदेखील त्यांना दुवा देईल.

भगिनींच्या चिरंजीवांनी पहिले काम करावे ते नकला काढण्याचे. हिशेब, पहाणी, छायाचित्रे हे सारे वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटात ठेवावी. वाढीव वेगाला न पेलणारा प्रोसेसर दर वेळी बंदच पडतो असे नाही. कधी तो बेरीज चुकवितो, चुकीचा अंक तसाच साठवितो आणि पुढे चालू लागतो. लग्नाचे छायाचित्र अर्धे करडे झाल्याचे वर्षभराने ध्यानात येते. ज्या यंत्रात घरचे एकमेव कागद आहेत, त्याच्याशी नकलेवाचून असले प्रयोग करू नयेत. लॅपटॉप असेल तर विचारच सोडावा; त्याच्या कुडीत उष्णतेला वाट नसते.

नंतर धूळ. तुरीची रास झाली की घरात जी भुकटी उडते ती शीतकाच्या पात्यांत गच्च बसते. वीज बंद करून ब्लोअरने ती उडवावी, मात्र पंख्याची पाती बोटाने धरून. नाही तर पंखा वाऱ्याने बेफाम फिरून खराब होतो. प्रोसेसर व शीतक यांमधला लेप वाळला असल्यास नवा लावावा. एवढ्यानेच तापमान काही अंश उतरते, आणि उतरलेला प्रत्येक अंश म्हणजे पदरची पुंजी.

विजेकडेही पाहावे. पॉवर सप्लाय नामांकित व पुरेशा शक्तीचा हवा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलतो. मोठे ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात असताना वीज गेली तर तो तत्क्षणी मान टाकील. अर्थिंग तपासून घ्यावे आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्याच्या खड्ड्यात पाणी घालावे.

आपला प्रोसेसर मुळात मोकळा आहे का, हेही आधी पाहावे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ हे अक्षर व मदरबोर्ड ‘झेड’ मालिकेचा असेल तरच गुणक बदलता येतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण ‘ए’ मालिकेच्या स्वस्त बोर्डांवर ती सोय नाही. प्रत्यक्ष बदल बायॉसमध्ये, एका वेळी गुणकाच्या एकाच पायरीने करावा. व्होल्टेजला हात लावू नये, उलट बोर्ड ते आपणहून चढवीत नाही ना यावर लक्ष ठेवावे. प्रत्येक पायरीला ओसीसीटीसारखी कस पाहणारी आज्ञावली दहा-पंधरा मिनिटे चालवून तापमान वहीत लिहावे. पंच्याऐंशीच्या पुढे गेले तर थांबावे. चूक दिसली तर एक पायरी खाली यावे व तेथे तासभर कस पाहावा. यंत्र सुरूच होईना, तर वीज काढून मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा. बहुतेक बोर्ड त्याने मूळ स्थितीवर येतात.

ग्राफिक्स कार्डाचे काम आफ्टरबर्नरसारख्या आज्ञावलीने, बायॉसमध्ये न शिरता होते. तेथे पंधरा-वीस मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्या घ्याव्यात. पडद्यावर ठिपके वा रंगीत चौकोन चमकू लागले की हद्द झाली. कार्डाच्या स्मृतीचे एक कपट मात्र ओळखून असावे. काही कार्डांत ती आपल्या चुका आपणच दुरुस्त करीत बसते, त्यामुळे आकडा वाढतो आणि खेळ मंदावतो. म्हणून आकड्यावर नव्हे, प्रत्यक्ष खेळाच्या गतीवर नजर ठेवावी. आणि एक उलटी युक्ती: वेग तोच राखून व्होल्टेज किंचित उतरवून पाहावे. पुष्कळ कार्डे ते सोसतात, थंड राहतात, आणि थंड राहिल्यामुळे आपणहून अधिक वेळ वरच्या वेगाने धावतात. आमच्या हवामानात आम्हांस हीच युक्ती अधिक मानवेल असे वाटते.

अखेरची परीक्षा चैत्र-वैशाखातल्या दुपारी दोन वाजता, खिडक्या नेहमीप्रमाणे ठेवून घ्यावी. बहुतेक बायॉसमध्ये मांडणी नाव देऊन जपता येते. चिरंजीवांनी दोन मांडण्या करून एकीस ‘हिवाळा’ व दुसरीस ‘उन्हाळा’ असे नाव द्यावे, आणि होळी पेटली की दुसरी लावावी.